हिरव्या बांगड्यांचा हात

दादा, तुझा एक धड फोटो घरात नाही. लोखंडी कपाट, आईची ट्रंक, तुझ्या बोईसरच्या शूटिंगच्या दुकानातले खण, सगळं उपसून झालं. लग्नातले फोटो आहेत, पण मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्याला हार कसा घालायचा, असं आई म्हणाली. कंपनीच्या गेटपासवरचा फोटो घामाने पार विरून गेलाय, त्यात फक्त तुझे कान ओळखू येतात. आपल्या शिरगावापासून उमरोळीपर्यंत किती जणांच्या लग्नाच्या, बारशाच्या कॅसेटी तू केल्यास. घरोघरी टीव्हीखाली त्या रचून ठेवलेल्या असतात. त्यांतल्या एकीतही तू नाहीस, कारण तू कायम कॅमेऱ्यामागे.

आधीच सांगते, माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू गेल्यावर जाईल असं वाटलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलावेत अशी रीत आहे, पण तू ते ऐकले असतेस तर हात हलवून म्हणाला असतास, "बाय, हा भाग काप. बघणारा झोपेल." तेव्हा कापूनच बोलते.

केबल आली त्या वर्षीचा तू मला अजून दिसतोस. तारापूरच्या रंगाच्या कंपनीतून पाळी संपवून यायचास, नखांत लाल रंग तसाच, आणि जेवायच्या आधी गाण्यांचा चॅनेल लावायचास. आवाज मात्र बंद. आई वैतागायची. "गाना लावतं नि आयकत नाय, ह्याला काय म्हनायचा?" तू म्हणायचास, आवाज बंद केला की गाण्याचं पितळ उघडं पडतं. मग मला शेजारी बसवून दाखवायचास. बघ, ही बाई एवढी नाचली, पण दम लागलेला दिसतो का? बघ, आत्ता बर्फात होती, वळली आणि वाळवंटात आली, साडीही बदलली, कुणी विचारलं का कशी आली? मागचे पंधरा जण तिच्याबरोबर नाचताहेत, ते तिचे कोण? आवाज एकीचा, ओठ दुसरीचे, आणि हात जवळून दाखवला तर तो तिसरीचा. गाण्यात हात कुणाचाही चालतो, हे तुझं आवडतं वाक्य होतं.

आणि तुझं ते मोजणं. कुठलंही चित्र पडद्यावर तीन बोंबलांच्या वर राहता कामा नये. "एक बोंबील, दोन बोंबील, तीन बोंबील, काप." एक बोंबील म्हणायला एक सेकंद जातो, घड्याळ नसलं तरी हे माप चुकत नाही, असं तू सांगायचास. लग्नाच्या कॅसेटी जोडताना दोन व्हीसीआर शेजारी ठेवून तू पुटपुटत बसायचास आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, इथे मासळीचा हिशेब चाललाय.

मी तेव्हा डी.एड. करून पालघरच्या शाळेत नुकतीच लागले होते. तुझ्याशी वाद घालायला मला आवडायचं. मी तुला माझ्या वर्गातली गोष्ट सांगितली होती. पहिलीच्या मुलांना मी दोन चित्रं दाखवली, एकात एक मुलगा उभा, दुसऱ्यात फुटलेलं मडकं. विचारलं, काय झालं? सगळा वर्ग ओरडला, त्याने मडकं फोडलं. एकीने तर त्याला आता मार पडणार हेही सांगून टाकलं. चित्रांत यातलं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "दादा, तू तोडतोस, पण बघणारा जोडतो. तू काय तोडलंस ते त्याला कळत नाही, त्याने काय जोडलं ते तुला कळत नाही." तू हसलास. म्हणालास, "जोडू दे की. चित्रच हाय ते. चित्रानं कुनाचा काय बिघाडलाय?"

हा आपला वाद इथे सुरू झाला आणि मिटला कधीच नाही.

मग तुझ्या डोक्यात गाणं आलं. सगळे कोळीगीतं करत होते. टोपली, होडी, कंबर हलवणाऱ्या पोरी, पुन्हा टोपली. तुला त्याचा वीट आला होता. कोळीण म्हणजे सदा नाचणारी बाई, असं मुंबईच्या लोकांना आपणच शिकवतोय, म्हणायचास, आणि ते मला पटायचं. तुला करायचे होते धवळे. आपल्याकडे हळदीला धवलारीण बसून जे गाते ते. कुणाच्या करमणुकीसाठी नाही, लग्न लावण्यासाठी. केळव्याच्या एका लग्नात तू धवलारीण हिराकाकीचे धवळे टेपवर घेतले होतेस, ते काढलेस आणि त्याखाली कीबोर्डचा ठेका टाकलास. ऐकायला छान वाटत होतं, हे कबूल करायला हवं. काकीचा तो जाड, न थांबणारा आवाज आणि खाली टकटक चालणारा ठेका.

नवरी कोण, हा प्रश्न होता. शिरगावातलं कुणी आपली पोरगी हळदीला बसवायला देईना. शेवटी तू आईला म्हणालास, घरातलीच आहे की. आईने तोंड फिरवलं, मला मात्र हौस होती. टीव्हीवर दिसायचं कुणाला नको असतं?

गावच्या किल्ल्याच्या बाजूला, वाळूच्या कडेला पाट मांडला होता. नवरा म्हणून तुझ्या कंपनीतला एक उत्तरेकडचा पोरगा आणलेला. त्याचे चार शॉट झाल्यावर तो घड्याळ बघायला लागला. "भाई, मेरा सेकंड शिफ्ट है, आप बाकी देख लो," म्हणाला आणि मुंडावळ्या माझ्या हातात देऊन निघून गेला. नवराच पळाला म्हणून आपण किती हसलो होतो. हळद लावायला आळीतल्या तिघी सवाष्णी आल्या होत्या, नटूनथटून. त्यांना वाटलं नाचाचं गाणं असेल. तू टेप सुरू केलास, भोंग्यातून काकीचा आवाज आला, आणि तिघींचे हात हळदीच्या वाटीवरच थांबले.

"भास्कर, हे धवळे हायत."

"हो मावशी, हिराकाकीचेच हायत. तुमी लावा हळद."

"खोट्या लग्नाला नाय लावाची. धवळे चालू असताना लावली म्हंजे लागली. आमी नाय लावनार, पोरीचा वाटोला व्हईल."

तू समजावून पाहिलंस. आवाज बंद करतो म्हणालास, तर त्या म्हणाल्या, नंतर घालशीलच ना? तेवढं त्यांना कळत होतं. पदर खोचून त्या तिघी घरी गेल्या. समुद्रावर आपण दोघंच उरलो, आणि ऊन उतरत चाललेलं.

तेव्हा तू ते केलंस. कॅमेरा तिकाटण्यावर नीट लावलास, माझ्या गालावर. माझ्यासाठी आणलेल्या हिरव्या बांगड्या उरल्या होत्या. मनगटाला खोबरेल तेल चोळून, ओठ चावत, तू त्या एकेक करून हातात चढवल्यास. भोंगा पुन्हा सुरू केलास. कॅमेऱ्याच्या बाजूला उकिडवा बसून हात पुढे घातलास आणि माझ्या गालाला हळद लावलीस. हळद थंड होती. हसू येऊन शॉट बिघडेल म्हणून मी डोळे मिटून घेतले. ते बघणाऱ्यांना लाजणं वाटलं. पुढे सगळ्यांनी त्याच लाजण्याचं कौतुक केलं.

बांगड्या निघेनात. मग तू किल्ल्याच्या दगडावर मनगट आपटून त्या फोडल्यास. काचा वेचता वेचता म्हणालास, "बाय, आयची शप्पत घे, कुनाला सांगनार नायस. कंपनीत कळला तर जल्मभर मना बांगड्यावाला म्हनतील." मी आईची शपथ घेतली, हसत हसतच. परवा वहिनीच्या बांगड्या उतरवायला बायका आल्या, तेव्हा मला तो दगड आठवला आणि मी उठून परसात गेले.

गाणं केबलवर लागलं आणि गाजलं. केबलवाला ते दुपारी लावायचा, मग लोकांच्या आग्रहाने संध्याकाळी पण लावायला लागला. मला बाजारात लोक ओळखायचे. पण सगळ्यांत जास्त गाजला तो हात. हिरव्या बांगड्या, नखं लाल, पिवळा गाल. लाल नखं बघून बायकांना वाटायचं, काय मेंदी रंगलीय. आणि मग ते सुरू झालं, ज्याचा तू विचारच केला नव्हतास. बोईसरचे, पालघरचे सगळे शूटिंगवाले तो शॉट आपापल्या लग्नांच्या कॅसेटींत घालायला लागले. हळदीच्या वेळी यांचा कॅमेरा चुकीच्या ठिकाणी असायचा, नाहीतर लाइट गेलेले असायचे. मग घाला तो हात. बदामाच्या आकारात घाला, फुलाच्या पाकळ्यांतून उघडा. ज्यांना मी कधी पाहिलं नाही अशा किती मुलींच्या लग्नांत गाल माझा आहे आणि हात तुझा. तुला गंमत वाटायची. म्हणायचास, बघ, गाण्यात हात कुणाचाही चालतो.

केळव्याचं स्थळ आलं तेव्हा तुझी गंमत संपली. घरची बोट होती, माणसं शांत होती, आणि मुलगा मला आवडला होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. चहा घेताना तो कप खाली ठेवायला जागा शोधत होता आणि शेवटी हातातच धरून बसला, एवढंच कारण होतं. आवडायला आणखी काय लागतं? बोलणी होत आली होती आणि त्याची आत्या माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "हिला हळद लागलेली आमी बघितली."

आई म्हणाली, "ते गाना व्हता, शूटिंग व्हती."

"गाना असता तर आमी काय बोललो नसतो. धवळे व्हते ते. सवाशिनीनं धवळ्यात हळद लावली. लागलेली हळद घिवून पोर आमच्या घरात कशी येल?"

तू पुढे झालास, सगळं समजावून सांगितलंस. शॉट कसा घेतात, आवाज वेगळा कसा, नवराच कसा मध्ये उठून गेला. जितकं तू सांगत गेलास तितके त्यांचे चेहरे बंद होत गेले. नवरा मधेच उठून गेला, हे तर तू सांगायलाच नको होतंस. त्यातून त्यांनी काय जोडलं असेल ते तुझ्या चेहऱ्यावर मला दिसलं.

आई हिराकाकीकडे गेली. काकी खूप रागावली होती, तिचे धवळे न विचारता वापरलेस म्हणून. तरी तिने आईला एकच प्रश्न विचारला. "हळद लावली कोनी ता सांग. कोनाचा हात व्हता?" सवाष्णीचा हात असेल तर लागली, नसेल तर नाही, असं तिचं म्हणणं होतं. आईने घरी येऊन तुला विचारलं. मी चुलीपाशी उभी होते.

"भास्कर, कोन व्हती ती?"

तू म्हणालास, "बोयसरची व्हती कोनतरी. नाव नाय आठवत."

मी तुझ्याकडे बघितलं. तू टीव्हीकडे बघत होतास, आणि टीव्ही बंद होता.

एका वाक्याचं काम होतं, दादा. ‘हात माझा होता’, एवढं तू बोलायचं होतंस. चार दिवस कंपनीत हसले असते, गावात हसले असते, नावही पडलं असतं कदाचित. भावाच्या हाताने हळद लागत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मी सुटले असते. मी शपथेत अडकलेली, आणि शपथ आईची. मी तुला एकटं गाठून विचारलं तेव्हा तू म्हणालास, "लोकं इसरतात गं. चित्राला किती दिवस धरून बसतील?" मी म्हटलं, चित्र खोटं असेल, हात तर खरा होता ना? कॅमेऱ्यामागे लपायची तुला इतकी सवय झाली होती, की बाहेर ये म्हटलं तरी पाय उचलत नव्हता.

मग स्थळं येत गेली आणि जात गेली. कुठे सांगून नकार, कुठे न सांगता. पुढे येईनाशीच झाली. तुझं लग्न झालं, वहिनी आली. मी शाळेत रमले असं लोक म्हणतात आणि ते खोटं नाही. पण मला घर हवं होतं, दादा. केळव्याचंच असं नाही. आपलं म्हणता येईल असं.

तू काहीच केलं नाहीस असं मी म्हणणार नाही. तू गाणं पुन्हा जोडलंस, माझा चेहरा सगळीकडून काढलास, तिथे लाटा घातल्यास. केबलवाल्याशी भांडून जुनी कॅसेट परत आणलीस. गाण्यांचा नाद सोडलास तो कायमचा. पावसात शाळेपर्यंत गाडीवरून सोडायचास, वर्षानुवर्षं. माझ्या वर्गासाठी तू चित्रांच्या पाट्या रंगवून दिल्यास, त्या मुलं अजून हाताळतात. हे सगळं मला दिसत होतं. पण नव्या कॅसेटमध्येही माझ्या गालावरचा तो हात तू तसाच ठेवला होतास. मी विचारलं तर म्हणालास, तो काढला की गाणं पडतं.

शेवटच्या दिवसांत तुझा खोकला थांबत नव्हता. पालघरच्या दवाखान्यात मी उशाशी बसायचे. दोन श्वासांच्या मधे किती वेळ जातोय ते नर्स घड्याळावर बघायची, मी मनात बोंबील मोजायचे. तीनच्या पुढे गेलं की मी तुझ्या छातीवर हात ठेवायचे. एका दुपारी तू डोळे उघडून म्हणालास, "बाय, तो हाताचा शॉट..." मी वाकले. म्हटलं, "बोल दादा." खरंच म्हटलं, जाऊ दे म्हटलं नाही. तू माझ्याकडे बघत राहिलास, मग खोकला आला, मग तू डोळे मिटलेस. तू क्षमा मागितलीस असं मी कुणाला सांगणार नाही, कारण तू मागितली नाहीस. मागणार होतास की शॉट कसा घ्यायला हवा होता ते सांगणार होतास, हे मला कधीच कळणार नाही.

आता काल काय झालं ते सांगते. तुझ्या दिवसकार्याला ठेवायला फोटो हवा म्हणून शोधाशोध चालली होती, घरात बायका बसलेल्या, हिराकाकी पण आली होती काठी टेकत. सगळे दमून बसले तेव्हा वहिनी उठली. दुकानातून आणलेल्या ढिगातून तिने एक कॅसेट काढली आणि व्हीसीआरमध्ये घातली. मला वाटलं लग्नाची असेल. ती गाण्याची होती. काकीचा आवाज आला तशी काकी ताठ बसली. लाटा आल्या, किल्ला आला, मग तो हात आला. मी सवयीने मोजायला लागले. एक बोंबील, दोन, तीन. कापलं नाहीस. चार, पाच, सहा, तरी हात गालावर तसाच होता. एवढी वर्षं मी त्या शॉटला मान खाली घालत आले होते, म्हणून तो किती लांब आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

वहिनीने बटण दाबून चित्र थांबवलं. "हा हात यांचा," ती म्हणाली. "आमच्या लग्नाच्या कॅसेटीत बघितला तवाच वळखला मी. करंगळी वाकडी हाय. मी यांना इचारला व्हता. उठून भायेर गेले, दोन दिवस जेवले नाय. मंग परत नाय इचारला."

हिराकाकी टीव्हीच्या अगदी जवळ सरकली. करंगळी बघितली, लाल नखं बघितली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मंग पोरी, तुला हळद लागलीच नाय गो."

आईने मला विचारलं, "तुला ठाव व्हता?"

"होतं," मी म्हटलं. "शपथ तुझी होती."

आईने भिंतीला डोकं टेकलं. माझ्या केसांत आता पांढरे दिसतात, ते ती बघत होती.

मग वहिनी म्हणाली, दुसरं काही नाही तर हेच राहू दे, निदान त्यांचा हात तरी आहे. तिने टीव्हीपुढे दिवा ठेवला. थांबवलेलं चित्र थरथरत होतं. ती हार घेऊन उठली आणि तिथेच थांबली. चौकटीत तुझा हात होता, आणि हाताखाली माझा गाल. एकाला हार घालायचा तर दुसऱ्यालाही पडत होता. तिने हार डावीकडे सरकवून बघितला, उजवीकडे सरकवून बघितला.

"नको," आई म्हणाली. "जित्या पोरीला हार नको."

वहिनीने हार परत ताटात ठेवला. मीच पुढे होऊन टीव्ही बंद केला. भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय, दादा, आणि तुझा फोटो अजून मिळालेला नाही.